आयएसओ फाइलमध्ये आपल्या फाइली कशा घालायच्या: लिनक्सवर, बूट न बिघडवता

डेबियन या लिनक्सची डीव्हीडी इमेज, म्हणजे अख्खी डिस्क एकाच आयएसओ फाइलीत, उतरवली, तिच्यावर डबल क्लिक केलं, आतले सगळे फोल्डर दिसले. मग त्यात आपलंही एक फोल्डर टाकायला गेलं की लिनक्स हात वर करतं: ही डिस्क फक्त वाचता येते. सुडो लावून प्रशासकाचे हक्क घ्या, परवानग्या बदला, काही फरक पडत नाही. अडचण परवानगीची नाहीच, ती इमेजच्या रचनेतली आहे.

समजा, सांगलीत बसून जत तालुक्यातल्या एखाद्या शाळेची कॉम्प्युटर लॅब उभी करायची आहे. मशीन जुनी आहेत, प्रत्येकावर डेबियन टाकायचं आहे. सोबत बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ, सरावाच्या प्रश्नपत्रिका, टायपिंग शिकण्याच्या चार फाइली प्रत्येक मशीनवर जायला हव्यात. तिकडे इंटरनेट म्हणजे कुणाच्या तरी मोबाइलचा हॉटस्पॉट, आणि रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर डीव्हीडीएवढं सामान उतरत नाही. म्हणून विश्रामबागेतल्या घरी सगळं एका इमेजमध्ये भरायचं आणि एकच पेनड्राइव्ह खिशात टाकून निघायचं. हे उदाहरण धरून पुढे जाऊ.

पण आधी एक विचार करा. नुसत्या पीडीएफ पोचवायच्या असतील तर इमेजला हात लावू नका. दुसरा पेनड्राइव्ह घ्या, कॉपी करा, काम संपलं. इमेज बदलायची ती इन्स्टॉल होतानाच काहीतरी आपोआप घडायला हवं असेल तर. आपल्याला इथे तेच हवं आहे.

कमांड वाचण्याबद्दल: या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत द्यायच्या. डॅश, तिरपी रेघ, टिंब, अंडरस्कोर आहे तसेच. स्पेलिंग घोटाळ्याचं असेल तिथे अक्षरं सुटी करून सांगितली आहेत.

इमेज बदलता का येत नाही

आयएसओ 9660 हे मानक 1988 सालचं, सीडीसाठी बनवलेलं. सीडी एकदाच लिहिली जायची, त्यामुळे 'नंतर बदल' ही सोयच त्यात ठेवलेली नाही. सगळी डिस्क 2048 बाइटच्या सेक्टरांत विभागलेली असते. कुठली फाइल कितव्या सेक्टरपासून सुरू होते आणि किती लांब आहे, याची यादी आत पक्की लिहिलेली असते, आणि फाइली एकापाठोपाठ एक खेटून बसलेल्या असतात. मिरज स्टेशनवर रिझर्वेशनचा चार्ट लागल्यावर मधल्या बर्थवर नवं नाव घुसवता येत नाही, तसंच हे. चार्टच नवा छापावा लागतो.

म्हणून 'इमेज बदलणे' याचा खरा अर्थ जुनी इमेज वाचून, बदल धरून, नवी इमेज लिहिणे एवढाच. फाइली हलवणं त्यातलं सोपं काम. अवघड भाग बूटचा. डिस्कवरून मशीन चालू होण्यासाठी इमेजमध्ये एल टोरिटो नावाची व्यवस्था असते. बायोस आणि यूईएफआय हे मशीन चालू करणाऱ्या आतल्या प्रोग्रॅमचे जुना आणि नवा असे दोन प्रकार; जुन्या बायोसचा एक रस्ता, यूईएफआयचा दुसरा. शिवाय पहिले 16 सेक्टर, म्हणजे 32 केबी, मानकाने मोकळे सोडले आहेत. आजकालच्या इमेजमध्ये तिथे हार्डडिस्कसारखा बूट कोड बसवलेला असतो, म्हणून तीच फाइल पेनड्राइव्हवर टाकली तरी चालते. हे 32 केबी कुठल्याही फोल्डरमध्ये दिसत नाहीत. सगळ्या फाइली कॉपी करून नवी इमेज बांधलीत तर ते मागेच राहतात.

नेटवर सापडणाऱ्या जुन्या कृतींमध्ये जेनआयएसओइमेज नावाच्या प्रोग्रॅमची दीड ओळीची कमांड असते. ती बायोसच्या मशीनवर डीव्हीडीतून चालते, पेनड्राइव्हवर किंवा यूईएफआयवर बहुधा नाही. ती कॉपी-पेस्ट करू नका. झोरिसो हा इमेज वाचून नवी लिहिणारा प्रोग्रॅम वापरा.

तयारी

झोरिसोचं स्पेलिंग: एक्स, ओ, आर, आर, आय, एस, ओ. डेबियन, उबुंटू, मिंटवर:

सुडो एपीटी इन्स्टॉल झोरिसो

फेडोरावर एपीटीच्या जागी डीएनएफ. चाचणीसाठी क्यूईएमयू, म्हणजे आपल्या मशीनमध्ये दुसरं नकली मशीन चालवणारा प्रोग्रॅम, लागेल, त्याच्या पॅकेजचं नाव क्यूईएमयू-सिस्टिम-एक्स86; यूईएफआयच्या चाचणीसाठी ओव्हीएमएफ हे पॅकेजही आत्ताच घेऊन ठेवा.

मशीन फार जुनी असतील तर आधी प्रोसेसर बघा. कोअर टू ड्युओ किंवा त्यानंतरचं असेल तर 64 बिट चालतं. त्यामागचं 32 बिट मशीन निघालं तर डेबियन 12 पर्यंतच थांबा. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 ने 32 बिटचा इन्स्टॉलर बंद केला आहे. खालच्या फाइलींची नावं डेबियन 12 च्या 64 बिट डीव्हीडी-1 प्रमाणे आहेत. ही इमेज चार जीबीच्या आतबाहेर असते आणि डेस्कटॉप तिच्यातच असतो, त्यामुळे शाळेत इंटरनेट नसलं तरी अडत नाही. लहान नेटइन्स्ट इमेज इथे उपयोगाची नाही, कारण ती उरलेलं सगळं नेटवरून मागते.

उतरवलेली फाइल पूर्ण आली का ते शा256सम कमांडने तपासा आणि आलेला आकडा डेबियनच्या साइटवरच्या यादीशी ताडून बघा. अर्धवट इमेजवर काम करून नंतर दोष झोरिसोवर ढकलणारे पुष्कळ आहेत. हार्डडिस्कवर दहा जीबी तरी मोकळी ठेवा. मूळ इमेज आणि शाळेचं फोल्डर दोन ठिकाणी असू द्या, त्यातलं एक वरच्या मजल्यावर. ऑगस्ट 2019 च्या पुरात सांगलीच्या गावभागात राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

मूळ फाइलला सोयीसाठी जुनी.आयएसओ म्हणू, होणाऱ्या फाइलला नवी.आयएसओ. सगळं एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि टर्मिनल तिथेच उघडा.

आधी आत डोकावून बघा

सुडो माउंट -ओ लूप,आरओ जुनी.आयएसओ /एमएनटी

आता /एमएनटी मध्ये इमेज उघडलेली दिसेल. आरओ म्हणजे फक्त वाचण्यासाठी. आपल्याला लागणाऱ्या दोन जागा नीट बघून ठेवा: /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी आणि /आयसोलिनक्स/जीटीके.सीएफजी. दोन्हीत 'ग्राफिकल इन्स्टॉल' हा बूट मेनूचा पर्याय आहे. ग्रब आणि आयसोलिनक्स हे तो मेनू दाखवणारे दोन बूट लोडर; यूईएफआयची मशीन पहिली फाइल वाचतात, बायोसची दुसरी. नव्या माणसाची इथे हमखास फसगत होते: ग्रबमध्ये बदल केला, घरच्या लॅपटॉपवर उत्तम चालला, आणि शाळेच्या जुन्या डब्यांवर काहीच घडलं नाही, कारण ते डबे आयसोलिनक्सच वाचत होते. दोन्ही बदला. उबुंटूची गोष्ट वेगळी, 20.10 पासून तिथे दोन्हीकडे ग्रबच आहे.

बघून झालं की सुडो यूमाउंट /एमएनटी. या कमांडच्या स्पेलिंगमध्ये यू नंतर एन नाही, लगेच एम येतो.

आपलं सामान

शाळा नावाचं फोल्डर करा, पण नाव रोमन लिपीत आणि मधे मोकळी जागा न सोडता. आतल्या फाइलींची नावं मराठीत असली तरी लिनक्सला चालतं. तीच डिस्क कुणी विंडोजवर उघडणार असेल तर मात्र लांबी सांभाळा. विंडोज जोलिएट नावाच्या वेगळ्या यादीतून नावं वाचतं आणि तिची मर्यादा 64 चिन्हांची. काना, मात्रा, वेलांटी, हलंत हे सगळं तिथे सुटं मोजलं जातं. 'शिष्यवृत्ती' हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा वाटतो, तिथे तो अकरा चिन्हं खातो. 'शिष्यवृत्ती परीक्षा सराव प्रश्नपत्रिका संच पहिला' असं ऐसपैस नाव ठेवलंत तर मर्यादा तिथेच संपत आली.

मग परवानग्या:

सीएचमॉड -आर ए+आरएक्स शाळा

यात डॅशनंतरचा आर कॅपिटल, अधिक चिन्हानंतरचा आर लहान आणि शेवटचा एक्स पुन्हा कॅपिटल. हे केलं नाही आणि तुमच्या फाइली फक्त तुमच्यापुरत्या उघड्या असल्या, तर त्याच परवानग्या शाळेच्या मशीनपर्यंत जातात आणि मुलांना फाइली दिसतात पण उघडत नाहीत.

आता प्रीसीड.सीएफजी नावाची साधी टेक्स्ट फाइल बनवा. इन्स्टॉलरने विचारायच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवायची ही डेबियनची पद्धत. आपल्याला त्यात एकच ओळ हवी:

डी-आय प्रीसीड/लेट_कमांड स्ट्रिंग सीपी -आर /सीडीरॉम/शाळा /टार्गेट/ऑप्ट/

इन्स्टॉल संपत आलं की ही कमांड चालते. त्या वेळी आपली डिस्क किंवा पेनड्राइव्ह /सीडीरॉम या नावाने जोडलेला असतो आणि नव्याने बसवलेली सिस्टिम /टार्गेट खाली. म्हणजे फोल्डर प्रत्येक मशीनच्या /ऑप्ट मध्ये जाऊन बसतं.

प्रीसीडमध्ये पासवर्ड, पार्टिशन, सगळंच भरता येतं आणि माणसाने फक्त बघत राहावं असा इन्स्टॉलर बनवता येतो. लॅबसाठी मी पार्टिशनचा प्रश्न मुद्दाम सोडून देतो. शाळेच्या एखाद्या मशीनवर कुणाचे जुने निकाल पडलेले असतात आणि डिस्क न विचारता पुसणारा पेनड्राइव्ह दुसऱ्याच्या हातात द्यायला मन धजत नाही.

मेनूच्या फाइली बाहेर काढा

झोरिसो -ऑसिरॉक्स ऑन -इनडेव्ह जुनी.आयएसओ -एक्स्ट्रॅक्ट /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी ग्रब.सीएफजी -एक्स्ट्रॅक्ट /आयसोलिनक्स/जीटीके.सीएफजी जीटीके.सीएफजी

ऑसिरॉक्सचं स्पेलिंग म्हणजे झोरिसोचं स्पेलिंग उलटीकडून. बाहेर आलेल्या फाइलींना लिहिण्याची परवानगी नसते, म्हणून सीएचमॉड यू+डब्ल्यू ग्रब.सीएफजी जीटीके.सीएफजी हे द्या आणि मग टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा.

दोन्हीत 'ग्राफिकल इन्स्टॉल'च्या नोंदीखाली एक ओळ सापडेल, तिच्या शेवटी तीन डॅश आणि पुढे क्वाएट असं असतं. ग्रबमध्ये ही ओळ लिनक्स या शब्दाने सुरू होते, जीटीकेमध्ये अपेंडने. तीन डॅशच्या आधी, दोन्हीकडे मोकळी जागा सोडून, हे घाला:

फाइल=/सीडीरॉम/प्रीसीड.सीएफजी

डॅशच्या नंतर घालू नका. तिथे जे लिहिलं जातं ते बसवलेल्या सिस्टिमच्या बूट ओळीतही कायमचं चिकटतं. भाषा आणि कीबोर्ड इन्स्टॉलर तरीही विचारेल, कारण डिस्क जोडून प्रीसीड वाचण्याच्या आधी ते प्रश्न येऊन जातात. विचारू दे. ग्राफिकल इन्स्टॉलरमध्ये मराठीचा पर्याय आहे, तो निवडता येतो.

कर्नल आणि बूट लोडरच्या फाइलींना हात लावायचा नाही. सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलेच बूट प्रोग्रॅम चालू देणारी यूईएफआयची सोय, यासाठी त्यांच्यावर सह्या असतात. मेनूच्या फाइलवर सही नसते, त्यामुळे आपल्या बदलाने सिक्युअर बूट मोडत नाही.

इमेजमध्ये एमडी5सम.टीएक्सटी अशीही एक फाइल आहे, तिच्यात प्रत्येक फाइलची बेरीज, म्हणजे मजकुरावरून काढलेला तपासणीचा आकडा, नोंदलेली असते. इन्स्टॉलरच्या मेनूतून कुणी डिस्कची तपासणी चालवली तर बदललेल्या दोन फाइलींवर बोंब होईल. ते नको असेल तर ही फाइलही तशीच बाहेर काढा आणि एमडी5सम कमांडने मिळालेले नवे आकडे त्या दोन ओळींत टाका.

नवी इमेज

आता मुख्य कमांड. लांब दिसते, पण सगळी एकाच ओळीत द्यायची:

झोरिसो -इनडेव्ह जुनी.आयएसओ -आउटडेव्ह नवी.आयएसओ -बूट_इमेज एनी रिप्ले -जोलिएट ऑन -मॅप शाळा /शाळा -मॅप प्रीसीड.सीएफजी /प्रीसीड.सीएफजी -मॅप ग्रब.सीएफजी /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी -मॅप जीटीके.सीएफजी /आयसोलिनक्स/जीटीके.सीएफजी

एमडी5सम.टीएक्सटी बदलली असेल तर तिच्यासाठी आणखी एक मॅप.

इनडेव्ह म्हणजे कुठून वाचायचं, आउटडेव्ह म्हणजे कुठे लिहायचं. मॅपला दोन गोष्टी लागतात: आधी आपल्या मशीनवरची जागा, मग इमेजमधली. त्या नावाची फाइल आत असेल तर बदलली जाते, नसेल तर नवी येते.

सगळी जादू 'बूट_इमेज एनी रिप्ले' या तुकड्यात आहे. जुन्या इमेजमध्ये बायोसचा रस्ता, यूईएफआयचा रस्ता आणि ते अदृश्य 32 केबी जसे होते तसे नव्यात बसवून दे, असं त्याचं सांगणं. डिस्कचं लेबलही तेच राहतं. फेडोरासारख्या काही इमेज बूट होताना स्वतःला लेबलवरूनच शोधतात. कुणी हौसेने तिथे शाळेचं नाव घातलं की मेनू येतो आणि पुढे गाडी अडते. लेबलच्या वाटेला जाऊ नका.

सुडो लागत नाही हे लक्षात आलं असेल. शेवटी लिहिणं यशस्वी झाल्याची ओळ येते. काही चुकलं म्हणून कमांड पुन्हा द्यायची झाली तर आधीची नवी.आयएसओ पुसून टाका. आउटडेव्हची फाइल आधीपासून भरलेली असेल तर झोरिसो तिच्यावर लिहायला नकार देतं.

इनडेव्ह आणि आउटडेव्हच्या जागी नुसतं डेव्ह देऊन त्याच फाइलवर काम करता येतं, पण तो मार्ग नवख्यांनी घेऊ नये. तिथे बदल शेवटी जोडले जातात आणि काढून टाकलेली फाइल दिसेनाशी झाली तरी आत पडून राहते. वायफायचा पासवर्ड असलेली फाइल अशी 'काढून' इमेज कुणाला दिलीत तर पासवर्डही दिलात.

एखादी फाइल काढायची असेल तर -आरएम आणि फोल्डरसाठी -आरएम_आर. या दोन्हींच्या नावांची यादी जिथे संपते तिथे सुटे दोन डॅश द्यावे लागतात, नाहीतर पुढचे शब्दही यादीतच धरले जातात. जागा करायची म्हणून पूल या फोल्डरमधली पॅकेजं मात्र उडवू नका. इन्स्टॉलरच्या सूचीत त्यांची नावं तशीच राहतात आणि तो मधेच अडकतो. आणि आकार 4.7 जीबीच्या वर गेला तर साध्या डीव्हीडीवर मावणार नाही. पेनड्राइव्हला काही फरक पडत नाही.

जतला नेण्याआधी तपासा

घरी वाचवलेला अर्धा तास तिथे पूर्ण दिवस खातो, म्हणून ही पायरी गाळू नका. दोन रिकामी फोल्डर करून दोन्ही इमेज त्यांवर माउंट करा आणि:

डिफ -आरक्यू जुने नवे

ही कमांड दोन्ही झाडं फाइलगणिक ताडून बघते, त्यामुळे वेळ घेते. उत्तरात तुम्ही घातलेल्या आणि बदललेल्या फाइलींच्या ओळी दिसल्या पाहिजेत. आयसोलिनक्सच्या फोल्डरमधली बूटची एखादी फाइलही यादीत येऊ शकते, कारण इमेजमधल्या जागांचे आकडे त्या फाइलीतच लिहिलेले असतात. याशिवाय अनोळखी नाव दिसलं तर थांबा.

मग क्यूईएमयूमध्ये प्रत्यक्ष इन्स्टॉल करून बघा. आधी रिकामी डिस्क:

क्यूईएमयू-आयएमजी क्रिएट -एफ क्यूकाउ2 चाचणी.क्यूकाउ2 20जी

मग बायोसने:

क्यूईएमयू-सिस्टिम-एक्स86_64 -एम 2048 -सीडीरॉम नवी.आयएसओ -एचडीए चाचणी.क्यूकाउ2 -बूट डी

डिस्कवर लागणारी जी कॅपिटल, बाकी सगळं लहान. ग्राफिकल इन्स्टॉल निवडा, इन्स्टॉल पूर्ण होऊ द्या, नव्या सिस्टिममध्ये /ऑप्ट/शाळा आहे का आणि साध्या वापरकर्त्याला पीडीएफ उघडतात का ते बघा. यूईएफआयसाठी त्याच कमांडला -बायोस आणि पुढे /यूएसआर/शेअर/ओव्हीएमएफ/ओव्हीएमएफ.एफडी जोडा. यातलं फाइलचं नाव कॅपिटल, विस्तार लहान. दुसऱ्यांदा पूर्ण इन्स्टॉल केलं नाही तरी चालेल. मेनूवर ई दाबून आपली ओळ आली आहे का तेवढं पाहिलं तरी पुरे.

याने जे होत नाही

लाइव्ह इमेजमध्ये, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणाऱ्या डेस्कटॉपमध्ये, नवा प्रोग्रॅम घालायचा असेल तर ही कृती अपुरी पडते. ती सगळी सिस्टिम स्क्वॅशएफएस नावाच्या दाबून भरलेल्या एका मोठ्या फाइलीत असते. ती उलगडायची, आत शिरून बदल करायचे, पुन्हा दाबायची आणि मग वरच्याच पद्धतीने इमेजमध्ये बसवायची. उबुंटूसाठी क्युबिक हा खिडक्यांचा प्रोग्रॅम हे सगळं करून देतो. डेबियनवाल्यांनी लाइव्ह-बिल्डकडे वळावं.

विंडोजची इमेज झोरिसोने उघडलीत तर आत एक वाचा-मला फाइल तेवढी दिसेल. तिथे खरा माल यूडीएफ या दुसऱ्याच पद्धतीने भरलेला असतो आणि झोरिसोला ती येत नाही.

पेनड्राइव्हवर

पेनड्राइव्ह लावा आणि एलएसबीएलके कमांड द्या. आकारावरून तुमचा कुठला ते ओळखा: 500 जीबीची तुमची हार्डडिस्क, 16 किंवा 32 जीबीचा पेनड्राइव्ह. खात्री नसेल तर तो काढून कमांड पुन्हा द्या आणि कुठलं नाव गेलं ते बघा. समजा ते एसडीबी निघालं:

सुडो सीपी नवी.आयएसओ /डेव्ह/एसडीबी

आणि मग सिंक. एसडीबी1 नव्हे, आकडा न लावता नुसतं एसडीबी. पेनड्राइव्हवर आधीचं जे काही असेल ते सगळं जाईल. सिंक संपून टर्मिनलवर पुन्हा ओळ येईपर्यंत उपसू नका; जुन्या पेनड्राइव्हवर हे बरंच रेंगाळतं. त्यावर चिकटपट्टी लावून तारीख आणि 'डेबियन 12, शाळेचं' असं लिहा, कारण पुढच्या वर्षी पुस्तकं बदलली की शाळा फोल्डरमधल्या पीडीएफ बदलून मुख्य कमांड तेवढी पुन्हा चालवायची आहे, आणि तोवर घरात असे तीन पेनड्राइव्ह झालेले असतात.